वाचक विचारतात: शेतातलं मचाण आणि हातातलं धनुष्य

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार, तीही कुणाच्या तरी खासगी शेतात झाडावर बसून, हा विषय आपल्या सदरात गेल्या वर्षभरात सारखा येतो आहे. आलेल्या पत्रांपैकी नऊ इथे घेतली आहेत. उत्तरं ओहायो आणि आसपासची मक्या-सोयाबीनची राज्यं डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय झाडावर चढू नका.

प्रश्न: मी एच-वन-बी व्हिसावर कोलंबसजवळ राहतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांचं १२० एकरांचं शेत आहे आणि ते मला शिकारीला या म्हणतात. व्हिसावर असताना हे चालतं का? कागद कोणते लागतील?

चालतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात इमिग्रंट नसलेल्या व्हिसाधारकांवर जी बंधनं आहेत ती बंदुकीबाबत आहेत. धनुष्य त्या व्याख्येत येत नाही. (बंदुकीलाही शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद आहे, पण तो वेगळा विषय आणि त्यासाठी वकिलालाच विचारा.) शिकारीचा परवाना राज्य देतं. ओहायोत सहा महिने राहिलात की रहिवासी म्हणून कमी शुल्कात मिळतो.

पहिला परवाना घेण्याआधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. परवान्याखेरीज हरणासाठी वेगळं परमिट घ्यायचं. तिसरा कागद लोक विसरतात तो म्हणजे मालकाची लेखी परवानगी. ओहायोत तोंडी ‘या हो’ पुरत नाही. परवानगीचा छापील नमुना राज्याच्या वन्यजीव विभागाकडे मिळतो. त्यावर मालकाची सही घ्या आणि शिकारीला जाताना खिशात ठेवा. सहकाऱ्याची सही चालणार नाही, जमीन वडिलांच्या नावावर आहे.

शिंगांचा नर वर्षाला एकच. हरीण पडलं की टॅग लावायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ च्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंद करायची. बंदुकीचा हंगाम चालू असतो त्या दिवसांत धनुष्यवाल्यालाही भगवं जाकीट घालावंच लागतं. त्यात हयगय नको.

प्रश्न: आमच्या ओळखीत शेतकरी कुणी नाही. अनोळखी माणसाकडे परवानगी मागायला जायचं तर कधी आणि कसं जावं? पैसे द्यायचे का?

ऑक्टोबरात जाऊ नका. तेव्हा शेतकरी कंबाइनवर असतो, दिवसाला चौदा-सोळा तास, आणि त्याच आठवड्यात त्याच्याकडे आणखी पाचजण विचारून गेलेले असतात. फेब्रुवारी-मार्च ही योग्य वेळ. पेरणी सुरू झालेली नसते, माणसाला बोलायला सवड असते. दिवसाउजेडी जा, साध्या कपड्यांत, एकटे किंवा घरच्यांबरोबर. नाव, गाव, काम, गाडीचा नंबर आणि फोन एका कागदावर लिहून द्या. मला धनुष्यानं शिकार करायची आहे, बंदूक आणणार नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. ज्याच्या घराजवळ गुरं आहेत त्याला या एका वाक्यानं मोठा दिलासा मिळतो.

शेतकऱ्याचं दुखणं समजून घ्या. सोयाबीनला दोन-चार पानं फुटली की हरणं शेंडे खुडतात. जंगलाच्या कडेच्या ओळी जूनमध्येच बसतात आणि कापणीच्या वेळी तिथं काही हाती लागत नाही. त्याला मोठ्या शिंगांच्या नराशी देणंघेणं नसतं, माद्या कमी व्हाव्यात एवढंच हवं असतं. ‘आधी मादी घेईन’ असं म्हणा, आणि म्हटलंत तर तसंच करा.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत, पण परवानगी त्यांच्यावरच टिकते. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. ओल्या शेतात गाडी घालायची नाही. चाकोरीखाली दबलेली माती पुढची कित्येक वर्षं पीक कमी देते. आणि झाडाला स्क्रू किंवा खिळा मारायचा नाही. काळ्या अक्रोडाचा एक सरळ बुंधा शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं राखलेला असतो. त्यात लोखंड निघालं की लाकूडगिरणीवाला तो ओंडका नाकारतो. पट्ट्यानं बांधायच्या पायऱ्या वापरा आणि तसं आधीच सांगा.

पैशांबद्दल म्हणाल तर सगळ्या ५० राज्यांत अशा काही ना काही तरतुदी आहेत, की जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी कमी येते. पैसे घेतले की हे संरक्षण बऱ्याच ठिकाणी बदलतं. म्हणून भाड्यानं जमीन घ्यायची असेल तर लेखी करार आणि विमा हवा. नाहीतर पैसे न देता एक शनिवार कुंपण दुरुस्तीला जा, आणि डिसेंबरात साफ केलेलं, बांधलेलं मांस नेऊन द्या. हे आम्हाला जास्त बरं वाटतं.

प्रश्न: हँग-ऑन मचाण (बुंध्याला पट्ट्यानं बांधायचं) विकत घेतलं आहे, चार तुकड्यांच्या पायऱ्यांसह. झाड कोणतं निवडावं, किती उंच बांधावं, आणि बांधताना नेमकं काय काय चुकतं?

या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त जागा देतो आहोत. या शिकारीत माणूस हरणामुळे जायबंदी होत नाही, पडल्यामुळे होतो.

आधी झाड. जिवंत, सरळ, कवेत मावेल एवढ्या बुंध्याचं: ओक, मेपल, हिकरी. ॲशला हात लावू नका. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉईटच्या भागात सापडला आणि तेव्हापासून या सगळ्या पट्ट्यातले ॲश उभ्या उभ्या मेले आहेत. वरून बुंधा शाबूत दिसतो, आतून लाकूड बिस्किटासारखं कडकन मोडतं. साल खरवडून बघा. खाली नागमोडी खोबणी कोरलेल्या दिसल्या तर ते झाड सोडा. शॅगबार्क हिकरी मजबूत असते, पण तिची साल फळ्यांसारखी सुटते आणि मचाणाचे दात सालीला धरतात, लाकडाला नाही.

उंची १८ ते २० फूट पुरे. त्याहून वर गेलात तर हरणाला दिसण्याचा धोका थोडा कमी होतो, पण बाणाचा कोन इतका तीव्र होतो की दोन फुप्फुसांऐवजी एकच सापडतं. उंचीपेक्षा पाठीमागचा आडोसा महत्त्वाचा. तुमच्या मागे जाड खोड किंवा फांद्या असल्या की आकाशावर तुमची आकृती उमटत नाही.

आता बांधणी. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी पूर्ण अंगाचा हार्नेस घाला. खांदे, छाती, दोन्ही मांड्या असे पट्टे असलेला. नुसता कमरेचा पट्टा पडताना बरगड्या मोडतो. त्यावर लाइनमनचा दोर, म्हणजे विजेच्या खांबावर चढणारे कामगार बुंध्याभोवती घेतात तसा. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. पहिला तुकडा छातीच्या उंचीला, पट्टा आवळून, मग खाली दाबून बसवायचा. पुढचे तुकडे असे लावा की दोन पायऱ्यांमधलं अंतर १५ ते १८ इंचांवर जाणार नाही. ऑगस्टात टी-शर्टवर सहज टाकलेली ढांग नोव्हेंबरात जाड विजारीत आणि बुटांत जात नाही.

आता सर्वांत मोठी चूक. शेवटचा तुकडा मचाणाच्या फळीपर्यंत आणून थांबवतात. मग फळीवर चढताना एक पाय वर टाकून, मचाणालाच हातानं ओढून अंग वर घ्यावं लागतं. ओढ वरच्या दिशेनं गेली की पट्टा ढिला होतो, दात सुटतात आणि मचाण फिरतं. वरची पायरी फळीच्या पातळीच्या वर गेली पाहिजे आणि थोडी बाजूला असली पाहिजे, म्हणजे तुम्ही मचाणावर *उतरता*, चढत नाही. त्यासाठी पाचवा तुकडा घ्यावा लागला तर घ्या.

मचाणाचा पट्टा आवळल्यावर फळी खाली पाडा आणि लाइनमनच्या दोरावर लटकून राहूनच एका पायानं फळीवर दाब द्या. दात सालीत रुतल्याचा कर्र असा आवाज येतो. मग दुसरा पट्टा. बहुतेक मचाणं ३०० पौंडांसाठी असतात आणि त्यात तुमचे कपडे, बूट, धनुष्य, थैली सगळं आलं.

मचाण बसलं की लाइफलाइन. मचाणाच्या वर, उभं राहिल्यावर डोक्याच्या वर येईल अशा ठिकाणी झाडाला बांधलेला दोर जमिनीपर्यंत सोडायचा, त्यावर प्रूसिकची सरकती गाठ, आणि त्या गाठीला हार्नेसचा कॅराबिनर, म्हणजे अडकवायची कडी. चढताना गाठ हातानं वर सरकवत जायची. ती सरकवली तर सरकते, झटका बसला की आवळते. पडण्याचे प्रसंग बसलेले असताना कमी, चढताना, उतरताना आणि पायरीवरून फळीवर जाताना जास्त येतात. ज्यांनी वर पोचल्यावर हार्नेस अडकवायची सवय लावली आहे त्यांनी नेमक्या त्याच वेळी स्वतःला उघडं टाकलेलं असतं. बसल्यावर मागचा दोर जवळजवळ ताणलेला असला पाहिजे. दोन फूट झोळ असेल तर दोन फूट पडाल, आणि परत मचाणावर यायला हात पोचणार नाही.

हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं आहे. मांड्यांच्या पट्ट्यांनी पायांतलं रक्त वर यायचं थांबतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. हार्नेसबरोबर एक छोटा फास येतो. लटकल्याबरोबर तो खाली सोडून त्यात पाय रोवून उभं राहायचं, पाय हलवत राहायचं. फोन छातीच्या खिशात, पाठीवरच्या थैलीत नाही. हे सगळं एकदा घराच्या अंगणात, जमिनीपासून फूटभर वर, कुणीतरी शेजारी उभं असताना करून बघा.

धनुष्य दोरानं वर ओढून घ्यायचं, बाण भात्यातच, पाती झाकलेली. आणि निघण्यापूर्वी कुठल्या झाडावर आहात ते घरी फोनवरच्या नकाशात खूण करून पाठवा, परतायच्या वेळेसकट.

प्रश्न: मला परवानगी मिळालेल्या शेतावर आधीच्या शिकाऱ्यानं सोडलेलं एक मचाण तीन वर्षं झाडावर आहे. दिसायला चांगलं आहे. वापरू का?

नको. झाड दरवर्षी जाड होतं आणि पट्टा आतून ताणत जातो, उन्हानं धागे कुजतात, खारी चावतात. वरून रंग उडालेला दिसतो तेवढंच, तुटण्याची जागा सालीकडच्या बाजूला असते. मालकाला विचारून खाली उतरवा, शिडी लावून आणि हार्नेस घालूनच. स्वतःचं मचाणही हंगाम संपला की काढा, निदान पट्टे पूर्ण ढिले करा आणि दुसऱ्या वर्षी नवे घ्या. हार्नेसवर शिवलेल्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख असते. त्यापासून पाच वर्षांनी तो टाकायचा, आणि एकदा त्यानं पडताना झेललं असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न: एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला ओकचं रान, मधून ओढा. हरणांच्या वाटा स्पष्ट दिसतात. तरी मी बसलो की हरणं येत नाहीत, किंवा लांबूनच फुरफुरून पळतात. काय चुकतंय?

फुरफुरली म्हणजे वास लागला. कपडे कितीही धुवा, फवारे मारा, वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर उपयोग नाही. मचाण वाटेच्या खालच्या वाऱ्याला हवं: वारा आधी वाटेवरून, मग तुमच्यावरून, मग अशा जागी जावा जिथून हरीण येणार नाही. उघडं कापलेलं शेत, ओढ्याचा कडा, रस्ता.

पण फोनवरचा वारा आणि झाडावरचा वारा एक नसतो. संध्याकाळी ऊन उतरलं की थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि ओढ्यात साचते. सकाळी ऊन पडलं की तीच हवा वर चढते. तुमचं मचाण ओढ्याच्या वरच्या काठाला असेल तर संध्याकाळी सहानंतर तुमचा वास थेट ओढ्यातल्या वाटेवर ओतला जातो, मग पश्चिमेचा वारा कितीही पक्का असो. तपासायला सर्वांत चांगली वस्तू फुकट मिळते. ओढ्याकाठी मिल्कवीडच्या शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटतात. आपल्या रुईच्याच कुळातलं रोप, आणि आत तशाच म्हाताऱ्या. शेंग खिशात ठेवा, मचाणावरून दर अर्ध्या तासानं एक म्हातारी सोडा. पावडरची फुंकर तीन फुटांवर दिसेनाशी होते, म्हातारी मात्र साठ-सत्तर यार्ड नजरेला दिसत जाते. कुठे वळली, कुठे खाली बसली, कुठे गोल फिरली. ती जिथे बसते तिथे तुमचा वास बसतो. दोन संध्याकाळी हे केलंत तर मचाण कुठे हलवायचं ते आपोआप कळेल.

दुसरी शंका येण्या-जाण्याच्या वाटेची आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर हरणं मक्यात असतात आणि तुम्ही त्याच मक्याच्या कडेनं बॅटरी लावून गाडीकडे जाता. दोन-तीनदा असं झालं की हरणं ती कड दिवसा सोडतात. ओढ्यातून चालत जा, पाण्यात पाय घालून गेलात तरी चालेल.

आणि मका कापला गेला की सगळं बदलतं. उभा मका हरणांचं घर असतं. कापणीनंतर दोन-तीन दिवसांत ती ओकच्या रानात झोपायला जातात आणि सांडलेल्या दाण्यांसाठी कडेला येतात. कंबाइन कधी येणार ते शेतकऱ्याला विचारून ठेवा.

प्रश्न: अंगणात ३० यार्डांवर माझे बाण मुठीएवढ्या जागेत लागतात. मचाणावरून मात्र २५ यार्डांवरच्या मादीच्या पाठीवरून बाण गेला. धनुष्य कंपाउंड (चाकांचं) आहे, दोरी ओढायला ६० पौंड जोर लागणारं.

तीन कारणं असतात, आणि बहुतेक वेळा पहिलं.

एक: उंचावरून खाली नेम धरताना तुम्ही नुसता धनुष्याचा हात खाली केलात. त्यानं खांदा, हनुवटी आणि दोरीवरचं नेम बघायचं पीपचं भोक यांची रेघ मोडते आणि बाण वर जातो. आधी सरळ समोर, आडव्या पातळीवर ओढा, मग कमरेतून वाका. वरचं अंग इंग्रजी टी अक्षरासारखं राहिलं पाहिजे.

दोन: अंतर. फळी २० फुटांवर असेल तर उभ्या माणसाचा डोळा २५ फुटांवर असतो. बुंध्यापासून २० यार्डांवरच्या हरणाचं तिरकं अंतर सुमारे २१ यार्ड भरतं. हा फरक किरकोळ. ८ यार्डांवरच्या हरणाला मात्र तिरकं अंतर जवळजवळ ११ यार्ड आणि कोन ४० अंशांच्या वर. बाण पडतो तो आडव्या अंतराच्या हिशेबानं, तिरक्या नाही. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर घ्या, किंवा चढण्याआधी आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्यांची अंतरं जमिनीवरून मोजून पाठ करा.

तीन: हरीण बसलं. बाण सेकंदाला २७० फूट जात असेल तर ३० यार्ड जायला त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांनी जातो, म्हणजे पाव सेकंद आधी पोचतो. सावध हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, आणि तेवढ्यात पाठ बाणाच्या खाली जाते. २० यार्डांवर त्याला एवढा वेळ मिळत नाही. कान ताठ, मान वर, तुमच्याकडे बघणारं हरीण असेल तर ३० यार्ड सोडाच, २० लाही थांबा.

तुमची पल्ला ठरवायची रीत बदला. अंगणातला पाचवा बाण मोजू नका. दिवसाचा पहिला बाण, उंचावरून, हिवाळी जाकीट घालून, शिकारीचंच पातं लावून, ८ इंची कागदी ताटलीत दहापैकी दहा वेळा जिथून लागतो तो तुमचा पल्ला. तो १८ यार्ड निघाला तर १८. पात्याचा बाण सरावाच्या टोकाच्या बाणापेक्षा वेगळा उडतो, पात्यावरच वारा धरतो. दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत धनुष्य जुळवून घ्या. सरावात वापरलेलं पातं शिकारीला न्यायचं नाही. धार गेलेली असते, नवी पाती बसवा.

६० पौंड हरणाला भरपूर आहेत. ४२० ते ४५० ग्रेन वजनाचा बाण वापरा. हलका बाण वेगानं जातो पण धनुष्य जास्त वाजतं आणि बाण कमी शिरतो. खुर्चीत बसून, पाय उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता ओढता येत नसेल तर पाच पौंड कमी करा. नोव्हेंबरात तीन तास गारठलेले खांदे अंगणातले नसतात.

प्रश्न: मारल्यावर हरीण कमान करून पळालं. बाण सापडला, त्यावर रक्त थोडं, हिरवट चिकट काहीतरी आणि घाण वास. लगेच मागावर जायचं का?

नाही. बाण पोटातून गेला आहे. आल्या पावली, न बोलता, परत जा आणि आठ ते बारा तासांनी या. संध्याकाळचा बाण असेल तर दुसऱ्या सकाळी. पोटात लागलेलं हरीण मागे कुणी नसेल तर दोन-तीनशे यार्डांत बसतं आणि तिथेच संपतं. तासाभरात उठवलंत तर ते मैलभर जातं, आणि पोटाच्या जखमेतून रक्त बाहेर सांडत नाही, त्यामुळे माग राहत नाही. रात्र उबदार असेल तर मांस खराब होईल ही भीती खरी आहे. तरी थांबा. उठवलेलं हरीण मिळतच नाही, आणि ते जास्त हाल होऊन मरतं.

बाण वाचायला शिका. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं. अर्धा तास थांबा, शंभर-दीडशे यार्डांत सापडेल. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. पांढरे, पोकळ केस म्हणजे पोटाची खालची बाजू. मचाणावरून उतरायच्या आधी हरीण शेवटचं कुठे दिसलं त्या जागेचा वरूनच फोटो घ्या. खाली आल्यावर तीच जागा पूर्ण वेगळी दिसते. मागावर प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा लावत जा. थेंब संपले की मागे वळून बघा, तुकड्यांची ओळ दिशा दाखवते. रक्तावर पाय देऊ नका, बाजूनं चाला. बांधलेल्या कुत्र्यानं माग काढणारे लोक ओहायोत आणि बऱ्याच राज्यांत आहेत. तुम्ही माग तुडवून ठेवायच्या *आधी* त्यांना बोलवा.

हरीण शेजारच्या हद्दीत गेलं तर त्या मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे फोन हंगामाआधी मिळवून ठेवा.

आणि हे टाळायचं असेल तर बाण फक्त पूर्ण आडव्या किंवा किंचित पलीकडे वळलेल्या हरणावर सोडा. समोरून येणाऱ्यावर नाही, मचाणाच्या थेट खाली असलेल्यावर नाही. नेम धरताना बाण पलीकडून कुठून बाहेर पडेल ते बघा. उंचावरून ती जागा पुढच्या पलीकडच्या पायाच्या आतल्या बाजूला खाली येते.

प्रश्न: आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात शेती करतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) धान, हरभरा लोळवतात. आमच्याही शेतात राखणीचं मचाण आहे. मुलगा अमेरिकेत हे शिकला आहे. इथे करता येईल का?

स्वतःच्या मनानं अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात शिकार बंद आहे, जमीन तुमची असली तरी. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेशानं परवानगी देऊ शकतो. तो आदेश, त्यातल्या अटी आणि पद्धत यांच्या बाहेर काही केलं तर तो गुन्हा आहे. मेलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. नुकसान झाल्याबरोबर वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. मचाणाचं म्हणाल तर वरचं हार्नेसचं सगळं राखणीच्या मचाणालाही लागू आहे. रात्री पेंगताना पडणारी माणसं आपल्याकडेही आहेत.

प्रश्न: हरीण मिळालं तर मांस किती, ते खाण्याजोगं कसं ठेवायचं, आणि आपल्या पद्धतीनं शिजतं का? ‘झोंबी डिअर’ रोगाची भीती वाटते.

१५० पौंडांच्या हरणातून हाड काढलेलं मांस ५० पौंडांच्या आसपास मिळतं, बाण कुठे लागला त्यावर थोडं कमीजास्त. आतडी आणि मूत्राशय न फाडता आतलं सगळं लगेच बाहेर काढा, पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा, आणि मांस ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आणा. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी दोन तासांचा उशीरही महाग पडतो.

त्या रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, ओहायोत रानटी हरणात २०२० मध्ये वायंडॉट काउंटीत सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी अशा भागातलं हरीण तपासून घ्या आणि तपासणीत रोग निघाला तर खाऊ नका, असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. गळ्याच्या लसिकाग्रंथी तपासणीला जातात, त्यामुळे मुंडकं फेकू नका. मेंदू, कणा, डोळे, प्लीहा यांना सुरी लावू नका. करवतीनं कणा कापण्याऐवजी मांस हाडावरून सोडवून घ्या. रोगाच्या भागातून अख्खं धूड दुसऱ्या राज्यात न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. अशा भागात हरणांना दाणा किंवा मीठ टाकण्यावरही निर्बंध असतात.

शिजतं, आणि छान शिजतं, पण बोकडासारखं धरू नका. या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि असते ती काढायची. हरणाची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते, आणि लोक ज्याला रानटी वास म्हणतात तो बराचसा तिचाच असतो. वरचा चंदेरी पापुद्रा धारदार सुरीनं सोलून घ्या. पाठीच्या दोन लांब पट्ट्या रश्शात घालू नका. मीठ, मिरपूड, तुपावर तापलेल्या तव्यात दोन्ही बाजूंनी भाजा आणि आत गुलाबी असतानाच उतरवा. जास्त शिजल्या की बुटाचं कातडं होतं. खांदा आणि नळ्या आपल्या कुकरच्या. किलोभर मांसाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी चार पळ्या तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून, पहिली शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर ४० मिनिटं. तेल कमी केलंत तर रस्सा कोरडा लागतो. खिम्यात दहा टक्के बोकडाची चरबी दळून घाला आणि आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट होऊ द्या.

विकायचं मात्र नाही, रानटी हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे. घरच्यांना पुरून उरणार असेल तर ‘फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री’ ही संस्था ठरावीक खाटकांमार्फत ते अन्नछत्रांना पोचवते. ओहायोतही तिचं काम चालतं. पिशवीतली हवा काढून, भाग आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवलंत तर पुढच्या हंगामापर्यंत पुरतं. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या हरणाच्या सगळ्या पिशव्यांवर एकच खूण करा आणि खालच्या कप्प्यात वेगळ्या ठेवा.